ज्यू सणांच्या मधले महिने: शब्बाथ, रोजे, मलिदा घरच्या घरी वर्षभर कसं चालू ठेवता?

गोदाकाठचा
नमस्कार मंडळी. यंदा, २०२५ मध्ये, योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा उपवास) आणि दसरा एकाच दिवशी, २ ऑक्टोबरला आले. वर गांधी जयंती, त्यामुळे रजेसाठी साहेबांच्या मागे लागावं लागलं नाही. ठाण्याला शाआर हाशामाईम सिनेगॉगमध्ये दिवसभर होतो, मुलंही शेवटच्या नमाजापर्यंत (प्रार्थनेपर्यंत) थांबली. सिम्हात तोरा, म्हणजे या सणांचा शेवटचा दिवस, झालं, नाशिकला परतलो आणि सगळं थंड. दरवर्षी हेच. तिश्री महिन्यात (सप्टेंबर-ऑक्टोबर) आम्ही पक्के बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मग हनुक्काला दिवे, पेसाखला (मिसरमधून सुटकेच्या सणाला) घर धुऊन काढायचं, बाकी वर्ष दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला हात लावायचा आणि ऑफिस गाठायचं. इथे मिन्यान, म्हणजे प्रार्थनेला लागणारे दहा जण, जमायचा प्रश्नच नाही. आई होती तोवर शुक्रवार, म्हणजे संध्याकाळी लागणारा शब्बाथ (शनिवारचा विसावा), आपोआप व्हायचा. आता आम्ही दोघंही नोकरीवाले, मुलं ८ आणि १२ वर्षांची. घरात झेपेल असं तुम्ही काय करता? इस्राएलला जा हा सल्ला नको, तो मामाकडून दर पेसाखला मिळतो.

तेलवात
दादा, शुक्रवार धरा, बाकीचं त्याच्या मागून येईल. आमच्याकडे काम गुरुवारी रात्रीच सुरू होतं. मूठभर काळे मनुके धुऊन भिजत टाकायचे. शुक्रवारी त्याच पाण्यात हाताने कुस्करायचे आणि मलमलच्या फडक्यातून पिळून घ्यायचे. चोथा घट्ट पिळा, खरा रंग शेवटी उतरतो. झालं किद्दुशचं (शब्बाथच्या आशीर्वादाचं) शरबत. हे काम धाकट्याला द्या, हात काळे करायला मिळतात म्हणून मुलं आनंदाने करतात. बाटलीतला द्राक्षरस चालतो, पण ओट्यावर मनुक्यांचा वाडगा दिसला की उद्या शुक्रवार आहे हे कुणाला सांगावं लागत नाही.

एक लक्षात ठेवा, पिळणं-गाळणं दिवा लागायच्या आत उरकलं पाहिजे, शब्बाथ लागल्यावर ते करत नाहीत. दिवा म्हणजे काचेच्या पेल्यात अर्धं पाणी, वर खोबरेल, त्यात वात. सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी. जुलैत ही वेळ सातच्या सुमाराला येते, कुणीही गाठेल. डिसेंबरात मात्र पावणेसहाच्या आत घरी असावं लागतं आणि तिथेच सगळ्यांचं फिसकटतं. हिवाळ्यातल्या शुक्रवारांचं ऑफिसात आत्ताच एकदा बोलून ठेवा. सकाळी तास आधी जा, पण दर आठवड्याला नव्याने विनवण्या नकोत.

लोदची_मावशी
तेलवात, तुझं पटतं, पण अर्धंच. इथे इस्राएलमध्ये शुक्रवारी दुपारी बहुतेक बसगाड्या बंद, दुकानं बंद. शब्बाथसाठी आपण काही करावंच लागत नाही, गावच करतं. आणि आमच्या नातवंडांना तो निव्वळ सुट्टीचा दिवस वाटतो! त्यांच्या तोंडी राहिला आहे तो मलिदा, आपला गोड पोह्यांचा नैवेद्य. बाळा, मलिदा नवसाला किंवा लग्नाआधीच करायचा असं समजू नकोस. तू बिश्वातला (झाडांच्या नववर्षाला) कर, येत्या २ फेब्रुवारीला. पोहे धुऊन निथळत ठेव, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-पिस्ते. भोवती फळं मांड, खजूर विसरू नकोस. फळांचे आशीर्वाद मुलांकडून म्हणवून घे. मिन्यान नसला तर काय म्हणायचं आणि काय गाळायचं ते ठाण्याच्या हजानना (प्रार्थना चालवणाऱ्यांना) फोन करून विचार. जमलं तर त्या सुमारास अलिबागजवळ सागाव-खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) टाप्यावर मुलांना घेऊन जा. खडकावरच्या त्याच्या रथाच्या खुणा त्यांनी स्वतः बघू देत.

कोरडा_हिशेब
भावनेपेक्षा तारखा बघा. अवघड टप्पे दोनच. एक, आत्ताचा: हेश्वानात (तिश्रीनंतरच्या महिन्यात) सणच नाही, हनुक्काचा पहिला दिवा थेट १४ डिसेंबरला. दुसरा, शावुओथनंतरचा (पेसाखनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणानंतरचा) पावसाळा. मधला काळ स्वतःहून ओढून नेतो. पुरीम होळीच्या आसपास, मग पेसाख, आणि पेसाखच्या दुसऱ्या रात्रीपासून ४९ रात्री ओमेर, म्हणजे शावुओथपर्यंतचे दिवस, मोजायचा. मोठ्या मुलाकडे ती मोजणी द्या, फ्रिजवर तक्ता लावा.

आत्ताच्या टप्प्यासाठी पाराशा, म्हणजे तोराचा त्या आठवड्याचा भाग. वाचन नुकतंच बेरेशीथपासून (उत्पत्तीपासून) सुरू झालं आहे, तेव्हा याहून चांगला मुहूर्त नाही. शनिवारी सकाळी त्या आठवड्याच्या भागातली एकच गोष्ट मराठीतून वाचा. नोआखचं तारू, अब्राहामचे पाहुणे, याकोबची शिडी, डिसेंबरपर्यंत मुलं कंटाळणार नाहीत. नियमांनी भरलेलं लेवीय पुस्तक येईल तेव्हा कंटाळतील, तेव्हा तुम्ही एकटे वाचा.

पावसाळ्यात १७ तम्मूझ ते ९ आव हे मंदिराच्या नाशाच्या शोकाचे तीन आठवडे आहेत. शेवटचे नऊ दिवस मटण-चिकन बंद ठेवलं की घराला आपोआप कळतं काय चाललं आहे. मग बिरड्याचा रोजा, म्हणजे ९ आवचा उपवास. वाल भिजवून, मोड आणून सोलायला सगळ्यांना बसवा.

आणि कालनिर्णयच्या भरवशावर राहू नका. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, आपला अधिक महिना, जादा अदार, २०२७ मध्ये येतो. म्हणून २०२६ ला नव्याचा सण (आपलं नववर्ष) गणपतीच्याही आधी, ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी लागेल. रजेचा अर्ज त्या हिशेबाने.

रास्ता_पेठ
एवढं सगळं एकदम केलंत तर पुरीमच्या आधी दमाल. मी म्हणेन, शुक्रवारचा दिवा आणि रात्री झोपताना मुलांबरोबर शेमा, म्हणजे एकच देव असल्याची प्रार्थना. आपल्या पूर्वजांना कोकणात शतकानुशतकं बाकीचं फारसं ठाऊक नव्हतं, तरी शेमा आणि शनिवार त्यांनी सोडला नाही. तेलाचे घाणे शनिवारी बंद म्हणून लोक शनिवार तेली म्हणायचे.

गोदाकाठचा
सगळ्यांचे आभार. बायकोने वाचून मनुके आणि पाराशा एवढ्यावर बोट ठेवलं आहे, बिरड्याचं पावसाळ्यात बघू. मावशी, टाप्याला नक्की जातो. मनुक्यांची इथे कमी नाही, पण एक शंका. ४ डिसेंबरच्या रात्रीपासून अमीदात (रोजच्या मुख्य प्रार्थनेत) पाऊस मागायचा असतो ना? नाशकात डिसेंबरात पाऊस मागितला तर द्राक्षवाले मला गावात राहू देणार नाहीत.

कोरडा_हिशेब
हळू आवाजात मागा. अमीदा तशीही पुटपुटतच म्हणायची असते.