मदत हवी आहे: ओसाड प्लॉटवर स्मृतिबाग (वडगाव, बेळगाव)

मंडळी, आमच्या गल्लीच्या टोकाला महापालिकेचा एक प्लॉट ओस पडलाय. कचरा, बांधकामाचा राडारोडा, गाजरगवत, सगळं आहे तिथं. कोरोनात गेलेल्यांच्या नावानं तिथं एकेक झाड लावायचं ठरतंय. वड-पिंपळ नको, शेजारची भिंत जाईल. बकुळ, सोनचाफा, पारिजातक चालतील असं वाटतं. पण खाली काळी माती, पावसात पाणी तुंबतं, आणि चाफ्याला ते सोसत नाही. राडारोडा काढून लाल माती भरावी, की उंचवटे करून लावावं? परवानगीचा अर्ज कन्नडमध्ये लिहून देणारं कुणी आहे का? आणि मुख्य म्हणजे, उन्हाळ्यात पाणी कोण घालणार हे तुमच्याकडं कसं ठरवलंत? मृगाआधी खड्डे काढायचेत.