मूकपट दाखवायचेत, संगीत दमदार असलेले सुचवा

राधिका_सो
सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर आलाय आणि मला मूकपटांचं खूळ लागलंय. अट एकच, संगीताने सीन उचलून धरलेला पाहिजे. पब्लिक आजोबांपासून पाचवीतल्या पोरांपर्यंत. सुचवा बरं.

बोरकूट
डोळे झाकून चॅप्लिनचा सिटी लाइट्स, १९३१. बोलपट आले होते तरी पठ्ठ्याने मूकच केला आणि संगीतही स्वतःच दिलं. सुरुवातीलाच पुतळ्याचं अनावरण, पाहुणे भाषण ठोकतायत आणि ऐकू येतं नुसतं क्वॅक क्वॅक, शब्द एक नाही! (आमच्या वॉर्डातही असंच असतं.) पुढे पार्टीत तो शिट्टी गिळतो, उचकी लागली की शिट्टी वाजते, गायकबुवांना गाणं सुरूच करता येत नाही. पोरं लोळतील. फुलवालीची धून तेवढी त्याची नाही, होसे पादिया या स्पॅनिश संगीतकाराची आहे.

तिरकीट
+१, पण मोठ्यांसाठी बॅटलशिप पोटेमकिन ठेवाच, बंड केलेल्या रशियन युद्धनौकेची गोष्ट, तोही संगीतकार एडमंड मायझेलने १९२६ मध्ये बर्लिनच्या खेळांसाठी दिलेल्या संगीतासह. शेवटच्या रिळात खरं तर फार काही घडतच नाही, समोरून झारचं आरमार येतंय, बंडखोर खलाशी तोफा रोखून वाट बघतायत, इंजिनाचे दट्टे वरखाली. दिग्दर्शक आयझेनस्टाइनला तिथे सुरावट नकोच होती, ठेका हवा होता, मायझेलने तो असा चढवत नेलाय की तबल्यावरची लग्गी आठवते, बसल्या जागी पाय हलायला लागतो. फुकटच्या काही प्रतींवर भलतंच संगीत चिकटवलेलं असतं, त्यात ही सगळी मजा जाते, तेव्हा बघून घ्या. जिन्यावरचा गोळीबार लहान पोरांना नको.

राधिका_सो
भारी! पण साध्या थेटरातला पियानोवाला काय करायचा हो, मनानेच वाजवायचा?

जुनी_रीळ
बरेचदा हो. पण तयार पुस्तकंही असायची. एर्नो रापे या संगीतकाराने १९२४ मध्ये काढलेल्या पियानोच्या धुनांच्या संग्रहात प्रत्येक पानाच्या समासात पाठलाग, अंत्ययात्रा, लग्न, विमान अशी यादी आणि पुढे पान नंबर. पडद्यावर पाठलाग सुरू झाला की हात वाजवतायत तोवर नंबर टिपायचा आणि पान उलटायचं. तुमच्या यादीत शिराझ पण घाला, १९२८ चा, ताजमहालाची गोष्ट. २०१७ मध्ये अनुष्का शंकरने त्याला नवं संगीत दिलंय, आजोबा मंडळी खूश होतील. मेट्रोपोलिस या जर्मन मूकपटाच्या नादी सध्या लागू नका, पूर्ण प्रत अडीच तासांची आहे.

तिरकीट
आणि लॅपटॉपच्या स्पीकरवर भागवू नका प्लीज, मायझेलचे ड्रम ऐकूच येणार नाहीत. गणपतीचे बॉक्स कोणाकडे ठेवलेत विचारा.