गाडी पाणी खाते, पण गळती कोठेच दिसत नाही

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार. माझ्याकडे २०१४ची डिझेल हॅचबॅक असून ती एक लाख अठरा हजार किलोमीटर चालली आहे. गेल्या दीड महिन्यापासून ती पाणी खाते आहे. दर आठ-दहा दिवसांनी कूलंटच्या बाटलीत अर्धा लिटर भर घालावी लागते, मात्र सकाळी पार्किंगच्या फरशीवर एक थेंबही आढळत नाही. एसी लावून आल्यावर खाली थोडे पाणी ठिबकते, पण ते एसीचेच, असे मी धरून चाललो आहे.

गेल्या रविवारी पुण्याहून परतताना खंबाटकी घाट निम्मा चढलो आणि काटा लाल रेघेला टेकला. सोबत असलेल्या मेहुण्यांनी सुचवल्याप्रमाणे एसी बंद करून हीटर पूर्ण लावला, त्याने काटा थोडा उतरला. परंतु पावसाळी हवेमुळे समोरची काच आतून इतकी धुरकट झाली की गाडी कडेला घेण्यावाचून इलाज उरला नाही. तासाभराने झाकण उघडून पिण्याचे दोन लिटर पाणी ओतले आणि बेताबेताने घरी आलो.

येथील एका गॅरेजमध्ये दहा मिनिटे इंजिन चालू ठेवून पाहण्यात आले, आणि बाहेर गळती नाही म्हणजे हेड गॅस्केटच (इंजिनचा वरचा भाग आणि ब्लॉक यांच्यामधील सील) गेले, असा निर्वाळा देऊन पस्तीस हजारांचा अंदाज सांगण्यात आला. दुसऱ्या ठिकाणी रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकण्याचा सल्ला मिळाला. एवढा खर्च करण्यापूर्वी गळती खात्रीने कशी शोधावी, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (मिरज)

मी पंचवीस वर्षे गॅरेज चालवतो. इंजिन खोलण्याची घाई करू नये. उभ्या गाडीत दहा मिनिटे डोकावल्याने अशी गळती सापडत नाही, कारण पाणी पुरते तापून दाब भरल्याखेरीज बारीक चीर उघडत नाही, आणि दाब भरतो तोवर इंजिन इतके तापलेले असते की बाहेर पडलेला थेंब जमिनीवर पोहोचण्याआधीच वाळून जातो. आपल्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा एखादा आकडा छापलेला असेल. तो बारमधील दाब होय, आणि त्याच्याच बळावर आतील पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही.

तेव्हा तापलेल्या गाडीत शोधण्याऐवजी गाडी रात्रभर थंड होऊ द्यावी, इंजिन बंदच ठेवावे, झाकणाच्या जागी हातपंपाचा प्रेशर टेस्टर बसवावा आणि झाकणावरील आकड्याइतकाच दाब भरावा. अर्ध्या तासात काटा उतरला नाही तर संशय खुद्द झाकणावर किंवा केवळ तापल्यावर उघडणाऱ्या जागेवर घ्यावा. उतरला तर बॅटरीच्या उजेडात वॉटर पंपाखालचे छिद्र, होस पाइपांच्या क्लिपा आणि रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमला जेथे दाबून बसवलेली असते ती कड पाहावी. भिंतीला खार फुटावा तशी कूलंटच्या रंगाची पापडी जेथे दिसेल, तेथे पाणी येऊन वाळले आहे असे समजावे.

परंतु आपण काचेविषयी जे लिहिले आहे, तेथे मी थबकलो. पावसाळी हवेने धुरकटलेली काच हीटरच्या गरम वाऱ्याने निवळायला हवी होती, आपली मात्र हीटर लावल्यावरच धुरकटली. डॅशबोर्डच्या आतील हीटर कॉइल फुटली असेल तर नेमके असेच होते. सांगली-मिरजेत हीटर कोण लावतो? त्यामुळे या कॉइलचा संशय कोणाला येत नाही. प्रत्यक्षात बऱ्याच गाड्यांत हीटर बंद असतानाही पाणी तिच्यातून फिरतच राहते, डॅशबोर्डवरील कळ केवळ हवेची झडप फिरवते.

काचेवर आतून बोट फिरवून चिकट थर लागतो का ते पाहावे. डाव्या पुढील सीटसमोरची नुसती मॅट न उचलता तिच्याखालच्या जाड अस्तराखाली पांढरा टिश्यू पेपर दाबून धरावा. एसीचे म्हणून आपण जे पाणी सोडून दिले आहे, तेही चिमटीत चोळून पाहावे, कारण हीटरची गळती पुष्कळदा त्याच नळीतून बाहेर पडते. एसीचे पाणी साधे असते, कूलंट बुळबुळीत आणि रंगीत लागते. जिभेवर मात्र घेऊ नये. कूलंटमधील एथिलीन ग्लायकॉल गोड असते आणि विषारी असते. खाली थारोळे साचले तर ते धुऊन काढावे, गल्लीतील कुत्री ते चाटतात.

उत्तर (कराड)

मिरजेच्या साहेबांशी सहमत आहे, तरीही हेड गॅस्केटचा प्रश्न अंदाजावर सोडू नये. बाटलीच्या तोंडावर निळ्या रसायनाची नळी धरून इंजिन चालवले असता रंग हिरवट किंवा पिवळा झाला, तर जळालेला वायू पाण्यात येतो आहे असे ठरते. ही तपासणी काही मिनिटांचीच आहे. डिझेल गाडीत आणखी एक जागा ध्यानात ठेवावी, ती म्हणजे ईजीआर कूलर, अर्थात इंजिनात परत सोडला जाणारा धूर पाण्याने थंड करणारा भाग. तो आतून फुटला तर पाणी धुराच्या वाटेने निघून जाते आणि बाहेर काहीच दिसत नाही.

हळदीने बारीक छिद्र काही दिवस बुजते, हे खरे आहे, पण तीच हळद रेडिएटरच्या आणि हीटर कॉइलच्या अरुंद नळ्यांतही बसते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते काही रेडिएटरसाठी नव्हे.

उत्तर (तासगाव)

भर घालताना बोअरचे पाणी टाळावे. त्यातील क्षार आत थर धरतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे वापरावे. शिवाय पाणी फार उतरले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटा खाली येतो, तेव्हा काटा उतरला म्हणून निर्धास्त राहू नये.

प्रश्नकर्त्याचे पुढील निवेदन (विश्रामबाग, सांगली)

सर्वांचे आभार. शनिवारी सकाळी टेस्टर भाड्याने आणून १.१ बार दाब भरला. वीस मिनिटांत काटा ०.७ वर आला, तरी बॉनेटखाली सर्व कोरडे होते. डाव्या बाजूची मॅट वरून कोरडी होती, पण अस्तराखाली हात घातला तर ते पिळून काढावे इतके ओले लागले, आणि टिश्यू पेपर गुलाबी झाला. माझे कूलंट गुलाबीच आहे. गेला महिनाभर सौभाग्यवती गाडीत अत्तर सांडल्यासारखा गोडसर वास येतो असे सांगत होत्या, त्याकडे मी लक्ष दिले नाही, हेही येथे कबूल करतो.

उत्तर (मिरज)

कॉइल तात्पुरती वगळण्यासाठी इंजिन आणि केबिन यांच्यामधील पत्र्यातून आत जाणारे हीटरचे दोन्ही होस पाइप सोडवून, मध्ये नळीचा तुकडा घालून ते एकमेकांना जोडावेत. तोंडे नुसती बंद करू नयेत, पाणी फिरते राहिले पाहिजे. त्यानंतर पुन्हा दाब भरून पाहावा. नवे कूलंट भरताना हवा काढायचा स्क्रू असल्यास तो सैल करावा, नाहीतर एअर लॉक होऊन गाडी पुन्हा तापेल आणि दोष मात्र गॅस्केटला लागेल.

प्रश्नकर्ता (विश्रामबाग, सांगली)

पाइप जोडून घेतले. टेस्टरचा काटा पाऊण तास १.१ वरून हलला नाही. निळ्या रसायनाची तपासणीही करून घेतली, रंग निळाच राहिला. त्यानंतर पुण्याला जाऊन आलो. खंबाटकीत काटा मध्यावर स्थिर होता आणि नऊ दिवसांनी बाटलीतील पातळी खुणेवरच आहे. कॉइल बदलण्यासाठी संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि कॉइलपेक्षा मजुरीच अधिक होते, म्हणून ते काम दिवाळीनंतर करण्याचे ठरवले आहे. काच निवळण्यासाठी तोवर एसी पुरेसा आहे. अस्तर दोनदा धुऊन गच्चीवर टाकले आहे, पण या पावसात ते अद्याप वाळलेले नाही.