मीटर बोर्ड वर न्यायचा की नाही? सांगलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

*अध्यक्ष, ए-१०१:* नमस्कार मंडळी. मीटर बोर्ड पार्किंगमधून पहिल्या मजल्यावर न्यायचं कोटेशन आलंय. आकडा मोठा आहे. माझं मत, थांबूया. २०१९ चा पूर शंभर वर्षांतून एकदा येणारा होता. तो येऊन गेला.

*सी-२०२:* बरोबर काका. आता आपल्या हयातीत नाही येत.

*ए-१०२:* मग २०२१ ला काय आलं होतं रे बाळा? पाणी उतरलं तरी मीटर बदलून मिळेपर्यंत अंधारात होतो आम्ही. ह्यांचं इन्सुलिन शेजारच्या गल्लीत फ्रिजमध्ये ठेवलं होतं.

*बी-३०४:* काका, राग मानू नका. मी कॉलेजात हेच शिकवते, म्हणून लिहिते. 'शंभर वर्षांचा पूर' म्हणजे दर वर्षी १ टक्का शक्यता. एकदा आला म्हणून पुढची ९९ वर्षं सूट मिळत नाही. लुडोत आत्ताच सहा पडला, म्हणून पुढच्या डावात सहा पडायचा थांबतो का?
समजा इथं ३० वर्षं राहिलो. एका वर्षी पूर न येण्याची शक्यता ०.९९. ती तीस वेळा गुणली की उरतात ०.७४. म्हणजे एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के.

*सी-२०२:* पण मॅडम, दोनदा आला हे आपलं नशीबच वाईट म्हणायचं ना?

*बी-३०४:* तेही तपासता येतं. आपण २०१२ ला राहायला आलो. २०२४ धरून १३ पावसाळे, त्यात पार्किंगमध्ये पाणी दोनदा. खरंच १ टक्का असता, तर १३ वर्षांत दोन किंवा जास्त वेळा पाणी यायची शक्यता हजारात सात. एवढं नशीब वाईट मानण्यापेक्षा मी तो १ टक्काच चुकीचा मानेन. निदान आपल्या पार्किंगपुरता तरी.

*ए-४०२:* मॅडम, एक शंका. पाणी आलं म्हणूनच आपण मोजायला बसलो ना? ज्यांच्याकडे आलं नाही ते कुठं मोजतात?

*बी-३०४:* फार चांगला मुद्दा काढलास. त्यामुळे माझे हजारात सात जरा जास्तच कडक ठरतात. शिवाय १३ पावसाळे म्हणजे नमुना लहान. म्हणून नेमका आकडा मी सांगणार नाही, पल्ला सांगते. वर्षाला ५ टक्के धरले तर दहा वर्षांत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता ४० टक्के. १० टक्के धरले तर ६५. काकांचा १ टक्का धरला तरी साडेनऊ.

*अध्यक्ष, ए-१०१:* साडेनऊ? मला वाटलं शून्यच.

*बी-३०४:* नाही काका. आणि यापेक्षा चांगला हिशेब करता येईल. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट. २००५ ला पाणी ५३ च्या वर होतं, २०१९ ला ५७ च्या, २०२१ ला ५४ च्या. पुलावर किती फूट झाले की आपल्या पार्किंगमध्ये पाणी शिरतं, हे कळलं तर जुन्या नोंदींतून तेवढीच वर्षं मोजता येतील. इमारत नव्हती तेव्हाचीही.

*ए-१०२:* लिफ्टजवळच्या खांबावर २०२१ ची खूण आहे. ह्यांनी खडूनं तारीख-वेळ लिहून ठेवली होती, वर मी रंग मारू दिला नाही.

*अध्यक्ष, ए-१०१:* वहिनी, उद्या सकाळी टेप घेऊन येतो. कोटेशनवाल्याला रविवारपर्यंत थांबायला सांगतो.