बुलेट खेळून बुलेट सुधारते का?

दारव्ह्याचा उंट
नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्या गावातील पोरांना बुद्धिबळाचे वेड लागले आहे; मात्र त्यांचा बहुतेक वेळ मोबाइलवरील बुलेटमध्ये, म्हणजे सहसा प्रत्येकी एका मिनिटाच्या डावांत जातो. माझे स्पष्ट मत आहे की ज्याला बुलेट सुधारायची आहे त्याने ती कमी खेळावी. घड्याळात आठ सेकंद उरली असताना वजीर हाताशी असूनही डाव हातचा जातो, त्याचा दोष पोरे बोटांना देतात. वास्तविक एकट्या राजाला वजिराने मात करण्यास अचूक खेळात जास्तीत जास्त १० चाली लागतात आणि हत्तीने १६. ज्याला ही मात पाठ आहे त्याला आठ सेकंद पुरतात. ज्याला नाही तो शहावर शह देत बसतो, आणि मग एक तर वेळ संपते किंवा शह नसताना समोरच्या राजाला चालच उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. दहा मिनिटांचे डाव खेळून हरलेला प्रत्येक डाव पुन्हा पटावर मांडणे, हाच खरा सराव होय.

शिवाय आपल्या रेंजचे काय? प्रत्येक चालीला ०.३ सेकंद वाया गेले, तरी चाळीस चालींत मिनिटातील १२ सेकंद गेलीच.

आर्वीचा हत्ती
उंटभाऊ, आपला हिशेब अर्धाच आहे. लिचेससारखी ऑनलाइन बुद्धिबळाची संकेतस्थळे अशा विलंबाची काही प्रमाणात भरपाई देतात. खरा घात होतो तो रेंज मध्येच खालीवर झाल्याने, आणि तो दहा मिनिटांच्या डावातही होतोच.

मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. बुलेटमधील काही कौशल्ये संथ खेळात शिकताच येत नाहीत, आणि त्यांत पहिले आहे प्रीमूव्ह, म्हणजे समोरच्याच्या पाळीत आगाऊ लावून ठेवलेली चाल. लिचेसवर अशी एकच चाल लावता येते व तिला वेळ लागत नाही. चेस डॉट कॉमवर अनेक लावता येतात, पण प्रत्येकीला ०.१ सेकंद मोजावे लागते. परत मारण्याची चाल लावणे सहसा सुरक्षित असते, कारण समोरच्याने मारलेच नाही तर ती आपोआप रद्द होते. सवयीने लावलेली चाल मात्र गळ्याशी येते. पांढऱ्याने वजिरासमोरचे प्यादे दोन घरे सरकवले, काळ्याने प्यादे जी-६ या घरात नेऊन उंट जी-७ वर नेण्याची प्रीमूव्ह लावली, आणि पांढऱ्याने आपला उंट थेट एच-६ वर आणून ठेवला. काळ्याने पाहिले असते तर तो उंट फुकट मिळाला असता. पण लावलेली चाल घडून जाते, काळ्याचा उंट जी-७ वर मारला जातो आणि कोपऱ्यातील हत्तीही माऱ्यात येतो. हा सापळा केव्हा लावावा आणि केव्हा चुकवावा, हे खेळूनच कळते.

मेहकरचे गुरुजी
आपण दोघेही एकाच पटावर अडून बसला आहात. मी मुलांना क्रेझीहाउस खेळू देतो, ज्यात मारलेले मोहरे आपल्या बाजूने पुन्हा पटावर उतरवता येते. दुरून दिलेला शह मध्ये मोहरे उतरवून अडवता येतो, घोड्याचा येत नाही. म्हणून तेथे राजाभोवतीच्या प्रत्येक घराकडे लक्ष द्यावेच लागते, आणि ती नजर बुलेटमध्ये कामी येते. ज्यांना सुरुवातीच्या पाठांतराचा कंटाळा आहे त्यांनी माजी जगज्जेते बॉबी फिशर यांनी १९९६ मध्ये मांडलेले चेस ९६० खेळावे, ज्यात मागच्या रांगेतील मोहऱ्यांची मांडणी दर डावाला चिठ्ठी टाकल्यासारखी बदलते. आपल्याकडील जुने लोक प्यादे पहिल्या चालीतही एकच घर चालवत आणि राजाला एकदा घोड्याची चाल देत, म्हणजे वेगळे नियम आपल्याला काही नवे नाहीत.

दारव्ह्याचा उंट
गुरुजी, आदरपूर्वक असहमती नोंदवतो. क्रेझीहाउसमध्ये हत्ती देणे म्हणजे समोरच्याच्या हातात हत्ती सोपवणे, आणि बदल्यात मिळालेले मोहरे आपण हव्या त्या रिकाम्या घरी उतरवू शकतो. ती मोजणी अंगवळणी पडलेले मूल साध्या डावात मोहऱ्यांची किंमत चुकवते. हत्तीभाऊंचा सापळा तर माझीच बाजू मांडतो, कारण जी-६ नंतर एच-६ मोकळे आहे हे ज्याने निवांत पाहिले आहे तोच तेथे हात आवरतो. अगदीच राहवत नसेल तर दोन मिनिटे अधिक प्रत्येक चालीला एक सेकंद, असा डाव घ्यावा.

आर्वीचा हत्ती
तो डावही लिचेसच्या वर्गवारीत बुलेटच आहे. म्हणजे आता वाद फक्त किती खेळावी एवढाच उरला, आणि त्यात मी माझ्या रोजच्या एका तासावर ठाम आहे.