स्प्लॅश माउंटन गेली ते बरोबरच झालं, पण टियानाला याहून चांगली राईड मिळायला हवी होती

ओंडकेस्वार

डिस्नेच्या पार्कांतली 'स्प्लॅश माउंटन' म्हणजे ओंडक्याच्या होडीत बसून पाण्यातून जायची राईड. तिची आता 'टियानाज बायू ॲडव्हेंचर' झाली; टियाना म्हणजे डिस्नेच्या 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' सिनेमाची नायिका. फ्लोरिडातली जुनी राईड जानेवारी २०२३ मध्ये बंद पडली, कॅलिफोर्नियातली त्याच वर्षी मेअखेरीस. नवी राईड फ्लोरिडात जून २०२४ मध्ये आणि कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०२४ मध्ये उघडली. पाणी तेच, चढ-उतार तेच, शेवटची सुमारे ५० फुटांची उडीही तीच. तरी चाहत्यांमधलं भांडण काही मिटत नाही. एका गटाला वाटतं, आमचं बालपण कुणीतरी पुसून टाकलं. दुसऱ्या गटाच्या लेखी नव्या राईडला नावं ठेवणारा प्रत्येक जण वंशद्वेष्टाच. मला दोन्ही गटांशी वाद घालायचा आहे, म्हणून हा धागा.

आधी स्पष्ट सांगतो. जुनी कथा काढली हे योग्यच झालं. ती राईड १९४६ च्या 'साँग ऑफ द साउथ' या सिनेमातल्या प्राण्यांवर बेतलेली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरच्या दक्षिणेतला मळा, तिथली कृष्णवर्णीय माणसं, आणि सगळं कसं गोडीगुलाबीचं. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने तेव्हाच आक्षेप घेतला होता. सिनेमात या प्राण्यांच्या गोष्टी सांगणाऱ्या रीमसकाकाचं काम करणाऱ्या जेम्स बास्केट यांना पुढे मानद ऑस्कर मिळालं, पण अटलांटातल्या पहिल्या खेळाला ते जाऊ शकले नाहीत, कारण त्या शहरात वर्णभेदाचे कायदे होते. डिस्नेने हा सिनेमा अमेरिकेत व्हिडिओवर कधीच आणला नाही. जो सिनेमा दाखवायला कंपनी स्वतः धजत नाही, त्याचीच गाणी वाजवून रोज हजारो लोकांना भिजवायचं, हे किती वर्षं चालणार होतं?

आता दुसरी बाजू. त्या राईडमध्ये शेवटची उडी हा गोष्टीचा प्राण होता. ब्रेर ससा घर सोडून हिंडायला निघतो, कोल्हा आणि अस्वल त्याच्या मागावर. आधी तो त्यांच्या हातावर तुरी देतो, मग सापडतो. प्रकाश मंदावतो, गाण्यांचा नूर बदलतो, शेवटच्या चढावर बसलेली दोन गिधाडं आपल्याला टोमणे मारतात. ससा कोल्ह्याला विनवतो की काहीही कर, पण मला त्या काटेरी झुडपात फेकू नकोस. कोल्हा नेमकं तेच करतो, आणि सशाबरोबर आपणही फेकले जातो. खाली काटेरी झुडूप, म्हणजे सशाचं माहेरच! तो सुटला. पुढे वाफेच्या बोटीवर सगळे प्राणी गात असतात, आणि ओलेचिंब झालेले आपणही त्यांच्या आनंदात सामील असतो, कारण आपणही त्याच्याबरोबर सुटलेलो असतो.

नव्या राईडमध्ये टियाना मार्डी ग्रा या उत्सवाच्या जलशासाठी वादक शोधते आहे. वाटेत ममा ओडी ही जादूगारीण आपल्याला बेडकाएवढं लहान करते, पुढे पुन्हा मोठं करते, आणि ओंडका खाली सुटतो. कुणी पाठलागावर नाही, काही गमवायची भीती नाही. मग मी ५० फुटांवरून पडतो तो कशासाठी? टियानाच्या सिनेमातला डॉ. फॅसिलिएरसारखा खलनायक हाताशी असताना त्याला घेतलाच नाही. शेवटचा जलसा देखणा आहे, गाणं छान आहे, टियानाचा हलता पुतळा बघत राहावा असा आहे. पण त्या जलशापर्यंत मी सहज पोचतो, म्हणून तो मला भिडत नाही.

रानससा

उडीबद्दल शंभर टक्के सहमत. 'कथा काढली ते योग्यच' याला मात्र ठाम विरोध.

राईडमध्ये रीमसकाका नव्हता, मळा नव्हता, एकही माणूस नव्हता. सिनेमातली, सशाला अडकवणारी डांबराची काळी बाहुलीसुद्धा बनवणाऱ्यांनी वगळली आणि सशाला मधाच्या पोळ्यात अडकवलं. म्हणजे १९८९ मध्ये राईड उघडली तेव्हाच सिनेमातलं विष बाजूला काढलेलं होतं. आणि हा ससा मुळात कुणाचा? आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचा. अंगात बळ नाही, हातात सत्ता नाही, तरी बलवानाला डोक्याने गंडवणारा. 'तुम्ही ज्याला शिक्षा समजता तिथेच मी लहानाचा मोठा झालो' असं मालकाच्या तोंडावर सांगणारी गोष्ट कुणी रचली असेल, याचा जरा विचार करा. ती गोष्ट डिस्नेच्या पार्कातल्या सगळ्यात लाडक्या राईडपैकी एकीचा कणा होती. सिनेमा वाईट म्हणून सशाला हाकललं, यात नुकसान नेमकं कुणाचं झालं?

टोकियो डिस्नेलँडमध्ये तीच राईड १९९२ पासून आहे. सिनेमाशी काही देणंघेणं नसलेले लोकही तिथे सशासाठी जीव मुठीत धरतात.

दिवेलागण

रानससा, गोष्टी त्यांच्याच. पण राईडमध्ये बसलेल्या माणसाला हे कळायची काय सोय होती?

त्या गोष्टी १८८० मध्ये पुस्तकात आणल्या जोएल चँडलर हॅरिस या जॉर्जियातल्या गोऱ्या पत्रकाराने, आणि त्या सांगायला बसवला एक समाधानी, स्वामिनिष्ठ म्हातारा. सिनेमाने तोच म्हातारा घेतला. राईडने त्यालाही काढलं. तुम्ही ज्याला विष काढणं म्हणता, त्यात ज्यांची गोष्ट होती ती माणसंच नाहीशी झाली आणि गाणारे प्राणी तेवढे उरले. तीस-चौतीस वर्षं लोक हसत-किंचाळत त्यातून गेले. हा ससा कुणाचा, हे राईडने त्यांना एकदाही सांगितलं नाही. आज ती बंद झाल्यावर अचानक गुलामांच्या परंपरेचा कळवळा येतो, हे मला पटत नाही.

टियाना ही २००९ मधली डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या. तिच्यामागे न्यू ऑर्लिन्सच्या लीआ चेस यांची प्रेरणा आहे. चेसबाईंच्या खाणावळीत नागरी हक्क चळवळीतले कार्यकर्ते, गोरे आणि काळे, एकत्र बसून जेवत आणि बैठका घेत, जेव्हा असं एकत्र बसणं कायद्याला मंजूर नव्हतं. नव्या राईडमध्ये टियाना एका सहकारी उद्योगाची प्रमुख आहे, स्वतःच्या हिमतीवर उभी राहिलेली. तिच्या नावाची एवढी मोठी राईड पार्कात उभी राहते, याची किंमत एका उडीच्या कारणापेक्षा मला जास्त वाटते.

ओंडकेस्वार, तुम्हालाही एक विचारते. राईड बदलण्याची घोषणा २५ जून २०२० ला झाली, जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची पोलिसाने हत्या केल्यानंतर महिनाभरात. राईड कशी असेल हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी विरोध त्याच दिवशी सुरू झाला. 'उडीला कारण नाही' ही तक्रार त्या दिवशी कोण करत होतं?

ओंडकेस्वार

कुणीच नाही, आणि त्या दिवशी आरडाओरडा करणाऱ्यांची वकिली मी करणार नाही. त्यांतल्या अनेकांना टियाना कोण आहे याचाच राग होता, हे उघड दिसत होतं. पण त्यांच्यामुळे राईडचं परीक्षणच करायचं नाही, हे कसं चालेल? 'ती आली हेच पुष्कळ' असं म्हणणं हा टियानाचा सन्मान नाही. सशाला संकट मिळालं, सुटका मिळाली, विजय मिळाला. टियानाला वादक शोधायचं काम मिळालं. सिनेमातली टियाना दोन-दोन नोकऱ्या करून पै-पै जमवते, हाताशी आलेली जागा तिच्या हातून निसटते, तरी ती उभी राहते. तिच्या आयुष्यात पडणं-सावरणं एवढं असताना राईडमध्ये तिला काहीच अवघड जात नाही.

चाकदाते

जुनी राईड म्हणजेच अस्सल राईड, असा सूर इथे दिसला म्हणून लिहितो.

कॅलिफोर्नियाच्या स्प्लॅश माउंटनमध्ये शंभराच्या वर हलते पुतळे होते, आणि त्यांतले बहुतेक जुनेच. डिस्नेलँडमध्ये १९७४ पासून 'अमेरिका सिंग्ज' नावाचा फिरत्या रंगमंचाचा खेळ होता. तो १९८८ मध्ये बंद झाला आणि त्यातले गाणारे पक्षी-प्राणी उचलून डिस्नेचे राईड-रचनाकार टोनी बॅक्स्टर यांच्या या नव्या डोंगरात बसवले गेले. वाफेच्या बोटीवरचे ज्यांचे सूर तुम्हाला आठवतात, ती मंडळी आधी दुसऱ्याच खेळात दुसरीच गाणी गात होती.

आता कारागिरीचं. टियाना आणि लुई मगर यांच्या हालचाली बघा. खांदे, मान, बोटं, ओठ सगळं एकमेकांशी जुळलेलं. जुन्या पुतळ्यांना मोजक्याच हालचाली यायच्या आणि त्या एकसारख्या फिरत राहायच्या. एकेका पुतळ्याची तुलना केली तर नवी राईड मैलोगणती पुढे आहे.

पण जुन्या राईडची ताकद संख्येत होती. वळण घेतलं की कोपऱ्यात कुणीतरी, डोक्यावर कुणीतरी, पाण्याच्या कडेला कुणीतरी. नव्या राईडमध्ये दोन देखाव्यांच्या मध्ये बराच वेळ नुसती झाडी आणि काजवे. ओंडका हळू चालतो, त्याचा वेग पाण्याच्या प्रवाहाने ठरलेला, तो काही बदलला नाही. त्यामुळे ती रिकामी जागा फार जाणवते. उडीला कारण नाही, यापेक्षा मला ही पोकळी जास्त खटकते.

पाणकोंबडी

हे सगळं दहा वर्षांत विसरलं जाईल. डिस्नेचीच 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' ही राईड बघा. १९६७ मध्ये उघडलेली, वॉल्ट डिस्ने यांनी जातीने लक्ष घातलेली शेवटच्या काही राईडपैकी एक. त्यात समुद्री चाचे बायकांच्या मागे धावायचे. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात ते खाण्याच्या मागे धावायला लागले. २००६ मध्ये राईडवरून निघालेल्या सिनेमातला जॅक स्पॅरो आत घुसला. २०१८ मध्ये नवरींच्या लिलावाचा देखावा गेला आणि लिलावात उभी असलेली लाल केसांची बाई स्वतःच चाची झाली. दर वेळी गहजब झाला. आजही ती राईड तुडुंब भरते, आणि लिलाव परत आणा म्हणून कुणी रांगेत बसलेलं नाही.

रानससा

पाणकोंबडी, तुमच्या उदाहरणात राईडचा गाभा शाबूत राहिला. बंदर जळतंच आहे, चाचे लुटतातच आहेत. गाभाच काढला की काय होतं त्याचं उदाहरण डिस्नेच्या फ्लोरिडातल्या एपकॉट पार्कात आहे. 'जर्नी इंटू इमॅजिनेशन' ही १९८३ ची राईड, तिचा जीव म्हणजे फिगमेंट नावाचा जांभळा ड्रॅगन. १९९९ मध्ये ती बदलली आणि फिगमेंटला जवळजवळ हद्दपार केलं. लोक इतके चिडले की दोन वर्षांत ती आवृत्ती गुंडाळावी लागली आणि २००२ मध्ये फिगमेंट परत आला. चाहते ओरडले म्हणून तो आला. तेव्हा ओरडणाऱ्यांनी दहा वर्षं गप्प बसावं, हा सल्ला मला मान्य नाही.

पाणकोंबडी

फिगमेंट परत आला, पण ती राईड सुधारली का? तिला नावं ठेवणारे आजही तितकेच आहेत. चाहत्यांना पात्र हवं होतं, पात्र मिळालं. चांगली राईड कुणालाच मिळाली नाही. ओरडून नेमकं काय मागायचं ते आधी ठरवा.

दिवेलागण

हाच मुद्दा. ओंडकेस्वार, तुम्ही फॅसिलिएर मागताय. पण ही राईड सिनेमा संपल्यानंतरची आहे आणि सिनेमाच्या शेवटी त्याच्या सावल्या त्याला ओढून घेऊन जातात. त्याला परत आणायचं तर टियानाने जिंकलेली लढाई पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. एका कृष्णवर्णीय नायिकेला तिच्या आनंदाच्या दिवशीही संकटात ढकलल्याशिवाय तुमचं समाधान होत नाही का? राईड बनवणाऱ्यांनी हा दिवस जाणूनबुजून सुखाचा ठेवला असेल, तर मला त्यात अर्थ दिसतो.

ओंडकेस्वार

फॅसिलिएरला तिथेच राहू द्या, मेलेला परत नको. पण उडीला खलनायकच लागतो असं थोडंच आहे? लुईझियानाच्या दलदलीत वादळं येतात, पाणी चढतं, वाट हरवते. शेवटच्या चढाआधीचा अंधारा भाग अजून तसाच आहे. तिथे वारा सुटू द्या, काजवे विझू द्या, वादकांचे सूर लांब जाऊ द्या. टियाना पुढच्या होडीतून हाक मारते आहे आणि तिचा आवाज नीट ऐकू येत नाही, एवढं केलं तरी पुरे. मग ती आपल्याला म्हणते, माझ्यावर भरवसा ठेवा, आणि उडी घेते ती आपल्या आधी. नवा पुतळा लागत नाही, नवा बोगदा लागत नाही. दिवे, आवाज आणि थोडं रेकॉर्डिंग एवढंच बदलायचं आहे.

तिचा दिवस सुखाचाच राहील. फक्त तिथवर आपल्याला तिने नेलेलं असेल.

चाकदाते

काजवे विझवणं सोपं आहे, ते फक्त दिवे आहेत. वारा मात्र तिथे चालणार नाही, चढावर ओंडक्यातले लोक आधीच भिजलेले असतात आणि मागची होडी जवळ असते. आवाज आणि अंधार यांवरच भागवावं लागेल. माझ्या मते भागेल.

दिवेलागण

टियाना आधी उडी घेते, हे चालेल. वादळ नको.