टेप, फीत की कार्ट्रिज? आणि ‘फॉरमॅट’ला काय म्हणायचं?

सर्व्हर रूममधल्या बॅकअपसाठी एक सूचनापत्रक मराठीत लिहितेय, बॅकअप टेपवर जातो. ‘टेपचा फॉरमॅट तपासून मगच ड्राइव्हमध्ये घाला’ असं लिहिलं तर वाचणारा विचारतो, फॉरमॅट मारायचाय का, डेटा जाईल की सगळा! म्हणून ‘चुंबकीय फितीचे स्वरूप तपासा’ असं करून पाहिलं, त्यावर तो नुसता बघत राहिला. नेमका शब्द काय वापरायचा? आणि टेप म्हणू, फीत म्हणू की कार्ट्रिज?

---

वाचणाऱ्याचं काही चुकत नाहीये. ‘फॉरमॅट मारणे’ हे आपल्याकडे फ्लॉपी आणि हार्डडिस्कपासून रुळलंय आणि त्याचा अर्थ पुसून कोरं करणे एवढाच. टेपवाले फॉरमॅट म्हणतात तेव्हा त्यांना घराणं म्हणायचं असतं, म्हणजे फितीची रुंदी किती, तिच्यावर ट्रॅक कसे लिहिलेत, डबीचा आकार काय आणि ती कुठल्या ड्राइव्हमध्ये बसते हे सगळं मिळून एक फॉरमॅट. डीडीएस हे एक घराणं, १९८९ चं, मूळ गाणी रेकॉर्ड करायच्या डॅटवरून घेतलेलं म्हणून जुने लोक त्याला अजून डॅटच म्हणतात, त्याची फीत साधारण ४ मिमी रुंद आणि ड्राइव्हचं डोकं (लिहिणारा-वाचणारा भाग) गोल फिरत तिरके पट्टे लिहितं. डीएलटी हे दुसरं, अर्धा इंच रुंद, डोकं जागेवर आणि फीत सरळ पळते. एलटीओ म्हणजे २००० साली बाजारात आलेलं तिसरं, आयबीएम, एचपी आणि सीगेट यांनी मिळून काढलेलं, आज बहुतेक ठिकाणी हेच दिसतं. क्यूआयसी, एआयटी, एक्झाबाइट वगैरे आणखी बरीच होती, ती आता जुन्या कपाटातच सापडतील.

तुमच्या वाक्यात ‘टेपचा प्रकार तपासा’ लिहा, विषय संपला.

---

विषय एवढ्यात संपत नाही हो. टेपच्या बाबतीत ‘फॉरमॅट’ खरंच तीन ठिकाणी येतो. एक वर सांगितलेला प्रकार. दुसरा म्हणजे टेपवर डेटा कसा रचलाय तो, टार आहे की एखाद्या बॅकअप सॉफ्टवेअरचा स्वतःचा. (टार हे नावच ‘टेप आर्काइव्ह’चं छोटं रूप आहे, आज जे लोक डाउनलोड केलेली टार फाइल उघडतात त्यातल्या बऱ्याच जणांनी टेप पाहिलेलीही नसते.) तिसरा तुमच्या वाचणाऱ्याच्या मनातला, म्हणजे खरंखुरं फॉरमॅट मारणे. एलटीओ-५ (म्हणजे एलटीओची पाचवी पिढी) पासून टेपचे दोन भाग करता येतात, त्यावर एलटीएफएस (टेपवर फाइली मांडायची पद्धत) बसवलं की एका भागात फाइलींची यादी जाते आणि दुसऱ्यात डेटा, आणि टेप पेन ड्राइव्हसारखी उघडून बघता येते. ते बसवायला फॉरमॅटच मारावा लागतो आणि आधीचं सगळं जातं.

कहर म्हणजे एका ठिकाणी पहिला आणि तिसरा अर्थ एकमेकांत मिसळतात. एलटीओ-७ ची कोरी कार्ट्रिज घेऊन तिला एम८ अक्षरांचं लेबल लावून एलटीओ-८ ड्राइव्हमध्ये तयार केली तर तीच ६ ऐवजी ९ टीबीची होते, पण मग ती एलटीओ-७ ड्राइव्हमध्ये चालत नाही आणि एलटीओ-९ मध्येही नाही. वस्तू तीच, फॉरमॅट दुसरा! इथे ‘प्रकार’ लिहिलंत तरी माणूस गोंधळणारच.

---

‘फीत’ला एवढं झिडकारू नका. ध्वनिफीत, चित्रफीत हे शब्द रोजच्या वर्तमानपत्रात येतात, कोणाला खटकत नाहीत, आणि फीत तरी कुठे अस्सल देशी आहे, पोर्तुगीजांच्या ‘फिता’वरून आलाय पण आता आपलाच. त्याच चालीवर ‘विदाफीत’ का नको?

---

विदाफीत वाचून उद्घाटनसमारंभात फीत कापल्यासारखं वाटतं 😄 डेटाला विदा म्हणणारे मोजके, ते आपापसात समजून घेतील, पण सर्व्हर रूममध्ये रात्रपाळीला असलेल्या माणसासाठी नको.

---

फीत हा शब्द ठेवाच, पण योग्य जागी. हातात धरतो, लेबल लावतो, कपाटात ठेवतो ती कार्ट्रिज आणि तिच्या आत गुंडाळलेली ती फीत. एलटीओ-१ मध्ये ही फीत ६०९ मीटर होती, एलटीओ-९ मध्ये १०३५ मीटर, आणि ट्रॅक ३८४ वरून ८९६० वर गेले, तेही त्याच अर्ध्या इंचात. डोकं सगळे ट्रॅक एकदम लिहीत नाही, एलटीओ-९ मध्ये एका वेळी ३२, मग फीत उलट दिशेने पळते, पुन्हा ३२, असं नागमोडी चालतं. हे समजावताना ‘कार्ट्रिज पळते’ लिहून कसं चालेल, तिथे फीतच हवी.

आणि ‘कॅसेट’ कोणी सुचवायच्या आत सांगतो, कॅसेटमध्ये दोन चकऱ्या असतात, गाण्याच्या कॅसेटमध्ये असतात तशा. डीडीएसमध्ये दोन आहेत, तिला खुशाल कॅसेट म्हणा. एलटीओ आणि डीएलटीत एकच चकरी, दुसरी ड्राइव्हच्या पोटात असते, फीत आत खेचून तिच्यावर गुंडाळली जाते आणि बाहेर काढायच्या आधी पूर्ण परत गुंडाळावी लागते. म्हणून इजेक्ट दाबल्यावर लगेच बाहेर येत नाही आणि लोक उगाच बटण दाबत बसतात. त्याआधीच्या जमान्यात तर डबीच नव्हती, उघडी रिळं होती. युनिव्हॅक या जुन्या संगणकाची १९५१ ची फीत तर चक्क धातूची होती, आयबीएमने पुढच्याच वर्षी प्लास्टिकची आणली, आणि मोठ्या संगणकांवर रीळ जाऊन चौकोनी कार्ट्रिज आली ती आयबीएमच्या १९८४ च्या ३४८० ड्राइव्हपासून. रीळ हा शब्द त्या काळासाठी राखून ठेवा.

टेप हा शब्द या सगळ्याला मिळून बोलताना. ‘टेपवर बॅकअप घेतला’ बरोबर, ‘कार्ट्रिजवर बॅकअप घेतला’ कोणी म्हणत नाही.

---

टेप घातला की घातली?

---

टेपरेकॉर्डर मनात असेल तर घातला, फीत मनात असेल तर घातली. ‘तेच तेच बोलून टेप लावलीय’ म्हणतो तेव्हा ती लावलीच असते ना. मी तर ‘ती’ धरतो, कार्ट्रिजही ‘ती’. ड्राइव्ह मात्र ‘तो’.

---

क्षमतेचे आकडे लिहिणार असाल तर तिथेही शब्द सांभाळा. एलटीओ-९ च्या वेष्टनावर ठळक ४५ टीबी छापलेलं असतं, खरी जागा १८ टीबी. ४५ हा आकडा डेटा अडीचपट दाबला जाईल असं धरून केलेला (एलटीओ-५ पर्यंत दुप्पट धरायचे, ६ पासून अडीचपट), आणि व्हिडिओ, झिप किंवा आधीच एन्क्रिप्ट केलेला डेटा असेल तर जवळजवळ काहीच दाबलं जात नाही. ‘कॉम्प्रेस्ड क्षमता’ वाचून माणसाला वाटतं तेवढी जागा आहेच. मी ‘खरी जागा १८ टीबी’ एवढंच लिहीन आणि मोठा आकडा टाकणारच नाही, जाहिरातवाल्यांनी काय ते बघावं.

---

मूळ प्रश्नकर्ती: मस्त! मग असं करते:

‘कार्ट्रिजच्या लेबलवरची शेवटची दोन अक्षरं बघा. एल८ किंवा एल७ असेल तरच या ड्राइव्हमध्ये घाला. एल६ घालू नका, हा ड्राइव्ह ती वाचत नाही.’

फॉरमॅट शब्द उडवूनच टाकला. वर्म कार्ट्रिजचं काय करू?

---

वाक्य झकास. एल६ चा उल्लेख मुद्दाम ठेवलात ते बरं, कारण ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्या वाचतो ही सवय लोकांना एलटीओ-७ पर्यंत लागलेली, एलटीओ-८ ने ती मोडली. ड्राइव्ह एलटीओ-८ चा आणि तुमच्याकडे एम८ लेबलवाल्याही असतील तर त्याही यादीत घाला.

‘वर्म’ मात्र तसंच लिहू नका, मराठी माणूस वर्मावर बोट ठेवतो, तिथे त्याला एकदाच लिहायची आणि कितीही वेळा वाचायची टेप कशी आठवणार. ‘एकदाच लिहिता येणारी, पुसता न येणारी कार्ट्रिज’ लिहा, लांब होईल पण होऊ दे. तिची शेवटची अक्षरंही वेगळी, एलटीओ-८ ची असेल तर एलवाय, एलटीओ-७ ची असेल तर एलएक्स. रोजच्या बॅकअपच्या चळतीत ती चुकून गेली तर दुसऱ्या फेरीला त्या जागेवर लिहिताच येत नाही, तेव्हा तिच्यासाठी वेगळी ओळ करा, तीही वरच्या बाजूला.